पेशीपटल: कोलेस्टेरॉलविना आणि कोलेस्टेरॉलसह

निव्वळ फॉस्फोलिपिडांचे (मेदाम्लांच्या साखळ्या असलेल्या मेदरेणूंचे) पटल आणि जवळपास निम्मे रेणू कोलेस्टेरॉलचे असलेले पटल, दोन्ही काही नॅनोमीटरच जाडीची. फरक उघड होतो तो ताण दिल्यावर. पटलाचा सूक्ष्म फुगा काचनळीच्या तोंडाशी शोषून धरला, तर एसओपीसी या फॉस्फोलिपिडाच्या पटलाला जेवढा ताण लागतो, त्याच्या सुमारे चौपट ताण कोलेस्टेरॉलयुक्त पटलाला तितकेच पसरवण्यासाठी लागतो, कारण कोलेस्टेरॉलची ताठ वलये शेजारच्या मेदाम्लांच्या साखळ्यांना सरळ आणि दाटीने उभे राहायला लावतात. याच दाटीमुळे पाण्याच्या रेणूंना शिरकावासाठी फटी कमी उरतात आणि पारगम्यता घटते. तांबड्या रक्तपेशींच्या पटलात फॉस्फोलिपिडे आणि कोलेस्टेरॉल यांचे रेणू जवळपास समसमान असतात, हे मला अत्यंत समर्पक वाटते. पाण्यासाठी तिथे ॲक्वापोरिन प्रथिनांचे स्वतंत्र मार्ग आहेतच.