इट्राकोनाझोल की व्होरिकोनाझोल?

कोथरूडच्या मामांच्या फुप्फुसात जुन्या क्षयाने पोकळी राहिली होती. तिथे आता ॲस्परजिलस बुरशी वाढली असून, किमान 6 महिने या दोन बुरशीरोधक औषधांपैकी कोणते घ्यावे, असा प्रश्न घरात पडला आहे.

इट्राकोनाझोल बरेच स्वस्त पडते. मात्र त्याची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यावी लागते, आम्लपित्ताच्या गोळ्यांमुळे ती नीट शोषली जात नाही आणि हृदय कमकुवत असल्यास ती टाळावी लागते. व्होरिकोनाझोल जेवणाच्या एक तास आधी किंवा नंतर घ्यायचे. त्याने नजर काही काळ धूसर होऊ शकते आणि त्वचा उन्हाला हळवी होते, म्हणून पुण्याच्या एप्रिलात दुचाकीवर हिंडणाऱ्याने नीट विचार करावा. यकृताची तपासणी दोन्हींत आलीच. क्षयावरचे रिफाम्पिसिन हे औषध चालू असेल तर दोन्ही बाद.

हृदय धड असलेल्याने इट्राकोनाझोलपासून सुरुवात करावी. ते सोसत नसेल किंवा हृदय कमजोर असेल, तर डॉक्टरांनी ईसीजी पाहून व्होरिकोनाझोल द्यावे.