सीसीए मुरवलेले सुरूचे खांब: वईला उत्तम, गव्हाणीला नको

वाडीच्या वईला, म्हणजे कुंपणाला, कच्च्या सुरूचा खांब पुरला की जमिनीलगतची वीतभर जागा आधी कुजते. तिथे ओलही असते आणि हवाही. वरून फासलेलं डांबर फार आत शिरत नाही. सीसीए, म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं द्रावण, मात्र बंद टाकीत हवा खेचून मग दाबाने लाकडात मुरवतात. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी 1933 साली ते शोधलं, आणि वाळवी-बुरशीपुढे आजही ते खणखणीत आहे. आत गेल्यावर आर्सेनिक क्रोमियम आर्सेनेटच्या रूपात घट्ट बसतं, त्यामुळे पावसाने फारसं धुपत नाही. थोडं मातीत उतरतंच, म्हणून खांबाच्या बुंध्याशी अळू-भाजी लावू नये.

घेताना रंग बघा. पिवळट-नारिंगी झाक असेल तर रसायन अजून बसलेलं नाही, तो माल परत करा. हिरवट हवा. एक खांब आडवा कापून दाखवायला सांगा: बाहेरच्या कोवळ्या लाकडाचं कडं सगळीकडून हिरवं दिसलं पाहिजे. गाभ्यात द्रावण जवळजवळ जातच नाही. म्हणून गोल खांब घ्यावा, चिरलेली फळी नको.

खरी फसगत इथे होते: लांबी कमी करायला खांब कापतात आणि कापलेलं टोक खड्ड्यात जातं. उघड्या गाभ्यातून वाळवी आरामात वर चढते. कापलेलं टोक वर ठेवा आणि त्यावर कॉपर नॅफ्थेनेटचे (ब्रशने लावायचं तांबंयुक्त लाकूडरक्षक) दोन हात द्या. साधे खिळे तांब्यामुळे लवकर गंजतात, त्यात खारा वारा. 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे वापरा.

खाडीत रोवायचे असतील तर वईचा माल चालणार नाही. अमेरिकी मानकांत जमिनीसाठी घनमीटरला 6.4 किलो रसायन लागतं, समुद्रासाठी 40. उष्ण पाण्यातल्या लाकूडपोखऱ्या किड्यांसाठी वर क्रिओसोटही (दगडी कोळशाच्या डांबरापासूनचं तेल) मुरवावं लागतं.

गव्हाण, विहिरीचा रहाट, मुलांचा झोपाळा यांना हे लाकूड अजिबात नको. अमेरिकेत 2003 अखेर घरगुती वापरातून ते काढलं गेलं. करवतताना मास्क लावा, भुसा ताडपत्रीवर गोळा करा. तुकडे न्हाणीच्या चुलीत घालू नका: धुरात आर्सेनिक जातं, उरलेलं राखेत राहतं. भाताची दाढ (रोपं तयार करायची जमीन) भाजायला तर मुळीच नकोत, भाताचं रोप आर्सेनिक सहज ओढून घेतं. उरलेले तुकडे परत नेण्याचं विकणाऱ्याशी पैसे देण्याआधीच ठरवून घ्या.