हायब्रिड ग्राफिक्सचा लॅपटॉप, उबंटू आणि बाहेरचा मॉनिटर: पावसाळाभर वापरल्यावर

दोन ग्राफिक्स चिप असलेल्या माझ्या लॅपटॉपवर उबंटूचं कर्नल (सिस्टीमचा गाभा) अपडेट झालं आणि एचडीएमआयवरचा मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणू लागला. लॅपटॉपची स्क्रीन ठणठणीत. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: विंडोज टाका, पोर्ट तपासायचे पैसे वेगळे. एक रुपयाही देऊ नका, पोर्टला बहुधा काहीही झालेलं नसतं.

इंटेल-एनव्हिडिया जोडीच्या बऱ्याच लॅपटॉपांत आतली स्क्रीन इंटेलच्या चिपवर, तर एचडीएमआय थेट एनव्हिडियावर असतं. नव्या कर्नलसाठी एनव्हिडियाचं मोड्यूल (ड्रायव्हर) बनलं नाही की ते पोर्ट मुकं. असे ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी बनवणारं साधन म्हणजे डीकेएमएस; टर्मिनलमध्ये 'डीकेएमएस स्टेटस' चालवा, त्यात नव्या कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' नसेल तर त्या कर्नलच्याच आवृत्तीचं 'लिनक्स-हेडर्स' पॅकेज टाका, मग 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल'. 'इन्स्टॉल्ड' असूनही लोड होत नसेल तर सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सोय) आडवं येतंय: 'मोकयुटिल' कमांडने ड्रायव्हरवरच्या सहीची चावी इम्पोर्ट करा आणि रीस्टार्टला येणाऱ्या निळ्या स्क्रीनवर 'एनरोल मोक' निवडा. ती 10 सेकंदच थांबते, नजर हलवू नका. कोणती चिप वापरायची ते ठरवणारं 'प्राइम-सिलेक्ट' इंटेलवर असेल तरी एचडीएमआय बंदच, 'ऑन-डिमांड' ठेवा.

माझा खरा राग माहितीपत्रकावर आहे. कोणतं पोर्ट कोणत्या चिपवर, हे त्यात कुठेच नाही. 'एलएस /सिस/क्लास/डीआरएम' चालवा: ईडीपी म्हणजे आतली स्क्रीन. तिच्या कार्डाचाच नंबर ज्या पोर्टाला, ते इंटेलवर.

इथे माझं मत बदललं. या लॅपटॉपचं टाइप-सी इंटेलवर निघालं. मॉनिटर तिकडे लावल्यापासून एनव्हिडिया झोपून राहतं, आणि एसी नसलेल्या खोलीत मुंबईच्या दमटपणातही पंखा शांत असतो. दोन तारे देणार होतो, आता चार. झोपलंय का ते एनव्हिडियाची स्थिती दाखवणाऱ्या 'एनव्हिडिया-एसएमआय' कमांडने पाहू नका, त्यानेच ते जागं होतं. '/सिस/बस/पीसीआय/डिव्हाइसेस'मधल्या कार्डाच्या 'पॉवर/रनटाइम_स्टेटस'मध्ये 'सस्पेंडेड' दिसायला हवं.

लॅमिंग्टन रोडवरच्या (मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार) दुकानांत टाइप-सीला लावायचा अनेक पोर्टांचा हब गळ्यात मारतील. घेऊ नका. यूएसबी 3 चालवणारे बरेच स्वस्त हब डिस्प्लेला टाइप-सीच्या चारपैकी दोनच लेन (डेटाच्या वाटा) देतात, म्हणून 4के 30 हर्ट्झवर अडकतं आणि माउस ओढल्यासारखा वाटतो. साधी टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल चारही लेन वापरते: 60 हर्ट्झ, तेही हबपेक्षा कमी पैशात. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टची खूण आहे ना, तेवढं आधी बघा.

टाइप-सीही एनव्हिडियावरच असेल तर वेलँडवर (चित्र पडद्यावर आणणारी यंत्रणा) उबंटूच्या नोम डेस्कटॉपला प्रत्येक फ्रेम इंटेलकडून तिकडे कॉपी करावी लागते. मग युडेव्ह (हार्डवेअर ओळखणारी सेवा) नियमात एनव्हिडियाच्या कार्डाला 'मटर-डिव्हाइस-प्रिफर्ड-प्रायमरी' हा टॅग द्या. बॅटरी लवकर उतरेल, पण मॉनिटर लावून बसलेल्याचा चार्जर तसाही जोडलेलाच असतो.