फाइल कॅमेऱ्याला तोडू द्यावी की आपण तोडावी?

गेल्या हिवाळ्यात तारकर्लीला ड्रोनने रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची मासेमारी, चित्रित केली. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धगोल घेते आणि पुन्हा किनाऱ्याला लागते, तो अख्खा फेरा मला वरून सलग हवा होता. घरी ड्रोनने मधेच तोडलेल्या दोन फाइली एकापुढे एक लावल्या आणि रापणीतल्या एका पोराला दाखवल्या. त्याने दोनदा मागे घेऊन बघितलं आणि विचारलं, "होडी मदीच उडी कशी मारता रे?"

उडी सात फ्रेमची होती. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर पाव सेकंदाहून जरा जास्त. माझ्या नजरेतून निसटली होती. जो रोज ती होडी वल्हवतो, त्याच्या नजरेतून कशी सुटेल?

मूळ दुखणं ४ जीबीचं आहे. फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डावर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट या नव्या पद्धतीत येतात, तिथे ही अट नाही. तरी बरेच ड्रोन जुन्याच हिशेबाने फाइल तोडतात. म्हणजे सांधा, एक फाइल संपून दुसरी सुरू होण्याची जागा, कधी येणार हे आधीच काढता येतं. डीजेआय मिनी २ या ड्रोनचा कमाल बिटरेट, म्हणजे चित्रण कार्डावर लिहिण्याचा वेग, सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे साडेबारा मेगाबाइट. त्या वेगाने ४ जीबी भरायला पावणेसहा मिनिटं लागतात. मिनी ३ प्रो कमाल १५० मेगाबिटवर चालतो, तिथे पावणेचार मिनिटांतच. वीस मिनिटांचं उड्डाण १०० मेगाबिटवर घेतलंत तर चार फाइली आणि तीन सांधे.

सांध्याच्या क्षणी कॅमेऱ्याला पहिल्या फाइलची अनुक्रमणिका लिहून ती बंद करायची असते आणि नवी उघडायची असते. तेवढा वेळ येणाऱ्या फ्रेम तात्पुरत्या स्मृतीत थांबतात. स्मृती पुरली आणि कार्डाने वेळेत लिहून घेतलं तर काहीच हरवत नाही. नाही पुरली तर फ्रेम गळतात.

आता पर्याय. पहिला: कॅमेऱ्याला तोडू द्या. जातात त्या थोड्या फ्रेम, पण जागा तो ठरवतो. दुसरा: चार-पाच मिनिटांनी आपणच रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू करा. यात दोन-तीन सेकंद जातात, म्हणजे नुकसान कितीतरी मोठं. पण ते होडी लांब असताना, ड्रोन वळत असताना, तुमच्या सोयीने होतं. लग्न, रिसॉर्टची जाहिरात, वाडीची ओळख, असं जे शेवटी तुकड्यातुकड्यांनीच कापलं जाणार, त्याला मी बिनदिक्कत दुसरा पर्याय वापरतो. रापणीचा फेरा किंवा होड्यांची शर्यत यांना मात्र पहिलाच. शर्यतीत तीन सेकंद गेले तर निकालच गेला. तिथे घड्याळ बघून रेकॉर्डिंग अशा वेळी सुरू करायचं की सांधा शेवटच्या टप्प्यावर येऊ नये.

तिसरा पर्याय बिटरेट उतरवण्याचा. ६० मेगाबिटवर एक फाइल साडेनऊ मिनिटं चालते. गावातल्या गल्लीत, देवळाच्या आवारात चालून जाईल. समुद्रावर नको. चमचमतं पाणी, फेस, वाऱ्याने हलणाऱ्या माडाच्या झावळ्या यांत प्रत्येक फ्रेममध्ये सगळंच बदलतं. बिटरेट कमी पडला की पाण्याचे चौकोन होतात. आणि कोकणात पाणी आणि माड चुकवून ड्रोन उडवायचा तरी कुठे? एच.२६५ हा व्हिडिओ दाबून साठवण्याचा नवा प्रकार निवडला की फाइल उशिरा तुटते, हाही एक गैरसमज. बिटरेट तोच असेल तर वेळही तोच. चित्र थोडं चांगलं मिळतं, आणि जुना लॅपटॉप घामाघूम होतो.

पालखीचं प्रकरण वेगळं. ड्रोनच्या चित्रणात आवाज नसतो, म्हणून शिमग्याचा ढोल खाली वेगळ्या रेकॉर्डरवर घ्यावा लागतो. तीन सांधे, दर सांध्याला सात फ्रेम, की शेवटी चित्र आवाजाच्या पाऊण सेकंदाहून जास्त पुढे पळतं आणि टिपरी पडून गेल्यावर ढोल वाजतो. इथे फाइली जोडून एक करण्याच्या फंदात पडू नका. प्रत्येक तुकडा आवाजाशी स्वतंत्र जुळवा.

बाकी वेळी जोडण्यासाठी लॉसलेसकट हे सॉफ्टवेअर पुरतं. ते पुन्हा एन्कोड न करता फाइली जशाच्या तशा चिकटवतं. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्येच जोडणार असाल तर प्रोजेक्टचा फ्रेमरेट चित्रणाशी नेमका जुळतो ना, ते बघा. २५ चं चित्रण ३० च्या प्रोजेक्टमध्ये टाकलं की सॉफ्टवेअर स्वतःच फ्रेम भरतं, उलट केलं की गाळतं, आणि शिव्या कॅमेऱ्याला बसतात.

नवा ड्रोन किंवा कार्ड घेण्याआधी दोष नेमका कुणाचा ते तपासा. ड्रोन टेबलावर ठेवा, पंखे न फिरवता. समोर टेबलफॅन लावा, कारण जमिनीवर वारा नसला की तो तापतो. कॅमेऱ्यापुढे मोबाइलवर शतांश सेकंद दाखवणारं स्टॉपवॉच चालू करून फाइल तुटेपर्यंत रेकॉर्ड करा. मग पहिल्या फाइलची शेवटची फ्रेम आणि दुसरीची पहिली फ्रेम बघा. २५ च्या चित्रणात फरक चार शतांशाच्या आसपास आला तर काहीच हरवलेलं नाही, जोडणीत गडबड आहे. तीस-पस्तीस आला तर कार्ड बदलून हीच परीक्षा पुन्हा घ्या. व्ही३० शिक्क्याचं कार्ड सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहितं, म्हणजे १०० मेगाबिटसाठी दुपटीहून जास्त. अस्सल घ्या, आणि फॉरमॅट ड्रोनमध्येच करा, लॅपटॉपवर नाही.

माझे सात फ्रेम कार्ड बदलल्यावर दोनवर आले. दोन अजून जातात. त्या पोराला नवं चित्रण दाखवलेलं नाही.