शुद्धता ९० टक्के, पण आरएनएचे काय? एचयूआर प्रथिनाचा काही महिन्यांचा अनुभव

महापे एमआयडीसीतील आमच्या छोट्या प्रयोगशाळेत रिकॉम्बिनंट (जनुक दुसऱ्या जिवात घालून बनवलेले) मानवी एचयूआर हे आरएनएला बांधणारे प्रथिन पावसाळ्याच्या आधीपासून वापरात आहे. ३२६ अमिनो आम्लांचे, तीन आरआरएम (आरएनए धरणारे भाग) असलेले, ई. कोलाय या जिवाणूत तयार केलेले आणि शुद्धीकरणासाठी हिस-टॅग ही हिस्टिडिनची शेपटी लावलेले हे प्रथिन जाणकारांना नवे नाही. टीएनएफ-अल्फा या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाच्या एमआरएनएमधील (संदेशवाहक आरएनएमधील) एयू-समृद्ध (ए आणि यू ही अक्षरे जास्त असलेल्या) भागाला ते किती घट्ट बांधते हे पाहणे आणि तो बंध तोडणारी संयुगे शोधणे, एवढ्यासाठीच आम्ही ते घेतो.

पहिल्या लॉटने (एका वेळी बनवलेल्या साठ्याने) वैताग आणला. जेल-शिफ्टमध्ये (प्रथिन बांधले की आरएनए जेलमध्ये मागे रेंगाळतो, त्या चाचणीत) बंध दिसत होता, पण शोधनिबंधांत नोंदलेल्या नॅनोमोलर पातळीच्या (अगदी थोड्या प्रथिनातही बंध होण्याच्या) जवळपासही आकडा येईना. प्रथिन वाढवत नेले तरी मोकळ्या प्रोबचा (खूण लावलेल्या आरएनए तुकड्याचा) पट्टा तळाशी तसाच राही. प्रमाणपत्रावर शुद्धता ९० टक्क्यांहून अधिक छापलेली होती आणि कूमासी या रंगद्रव्याने रंगवलेले जेल खरोखरच स्वच्छ होते. मात्र कूमासी प्रथिनाला रंगवते, आरएनएला नाही. नॅनोड्रॉप या प्रकाशशोषण मोजणाऱ्या यंत्रावर त्याच बफरचा ब्लँक (कोरे माप) घेऊन मोजले, तेव्हा २६०/२८० गुणोत्तर (त्या दोन नॅनोमीटरांवरील शोषणाचे) १.३ आले, शुद्ध प्रथिनाचे ते साधारण ०.६ असते आणि आरएनए मिसळला की वाढते. थोडा नमुना प्रथिन पचवणारे प्रोटिनेज-के देऊन युरिया जेलवर चालवला आणि आरएनए उजळवणाऱ्या सायबर गोल्डने रंगवला, तर आखूड तुकड्यांचा धूसर पट्टा चमकला, आणि आधी आरएनए तोडणारे आरएनेज-ए दिलेल्या शेजारच्या लेनमध्ये तो नाहीसा झाला. जिवाणूचा आरएनए शुद्धीकरणात प्रथिनाला चिकटून आला होता आणि आमच्या प्रोबच्या जागा अडवून बसला होता. आरएनए बांधणे हाच ज्याचा धर्म, ते प्रथिन विकणाऱ्याने ही शंका सर्वांत आधी घ्यायला नको का?

कंपनीचे उत्तर ठरलेले होते: माल प्रमाणपत्राच्या निकषांत बसतो, सबब बदलून मिळणार नाही. वर, प्रथिन धरून ठेवणाऱ्या हेपारिन कॉलमवर चढवून मिठाचे प्रमाण वाढवत धुऊन घ्यावे, हा फुकटचा सल्ला. सल्ला शास्त्राला धरून आहे, पण ५० मायक्रोग्रॅम प्रथिन कॉलमवर घातल्यावर हाती काय उरणार, आणि कॉलमचे पैसे कोणाच्या खिशातून जाणार?

ठाण्याच्या वितरकाने मध्यस्थी करून पुढच्या खरेदीत वेगळा लॉट मिळवून दिला, आणि माझे मत बदलावे लागले. या लॉटचे गुणोत्तर ०.६२ आले, त्याच प्रोबवर काही नॅनोमोलरलाच शिफ्ट दिसला आणि मोकळा पट्टा जवळजवळ संपला. छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवलेले हे प्रथिन अख्खा पावसाळा उलटूनही तितकेच तल्लख आहे. पॅकिंगबद्दल तक्रार नाही. भिवंडीच्या गोदामातून निघालेली गाडी शिळफाट्यावर रखडूनही खोक्यात ड्राय आइस शिल्लक होता. सगळा माल एकाच ट्यूबमध्ये देण्याची कंजुषी मात्र दोन्ही वेळा केलेली आहे.

आता पीओ (खरेदी आदेश) काढण्यापूर्वी मी त्या लॉटचा २२० ते ३४० नॅनोमीटरचा शोषण-आलेख मागतो. तसा नियम नसल्याचे आधी सांगतात आणि मग पाठवतात. पहिल्या लॉटचे उरलेले प्रथिन वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रतिपिंडाने प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत) पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून संपवत आहोत, कारण प्रथिन उलगडणाऱ्या एसडीएसमध्ये उकळल्यावर त्याला चिकटलेल्या आरएनएचा प्रश्नच उरत नाही.