रंगापेक्षा स्वभाव पाहायला शिकवणारे दत्तक केंद्र

केशरी बोका प्रेमळ असतो, या समजुतीने आम्ही पुण्यातील या मांजर दत्तक केंद्रात गेलो. परंतु तेथील ताईंनी रंगाचा विषय बाजूला ठेवून आमच्या घरातील माणसे, गोंगाट आणि दिनक्रम यांची आस्थेने चौकशी केली. केशरी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे केशरी मांजरांत बोके अधिक असतात, तर तिरंगी मांजरे जवळजवळ सर्व माद्याच असतात, हे त्यांनी समजावले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पाहणीत १,२०० हून अधिक पालकांनी माहिती दिली आणि तिरंगी माद्या किंचित अधिक चिडक्या ठरल्या, मात्र ती पालकांचीच मते होती. आम्ही अखेर काळी मांजरी आणली, कारण तीच आपणहून मांडीवर येऊन झोपली. भेटीचा अर्धा तास मात्र अपुरा वाटला.