दिवा विझतो आणि बॉम्ब पडतो : दोन प्रारंभ

अमळनेरजवळच्या एका शाळेत पाचवी-सहावीच्या मुलांना मी दोन चित्रपटांची सुरुवात लागोपाठ दाखवली. 2001 च्या पहिल्या ‘हॅरी पॉटर’मध्ये एक म्हातारा निजलेल्या गल्लीत येऊन हातातल्या छोट्या यंत्राने रस्त्यावरचे दिवे एकेक करून शोषून घेतो, मांजरीची बाई होते आणि उडत्या मोटारसायकलवरून तान्हे बाळ येते, म्हणजे जादू आधी दिसते, तिचे कारण मागाहून कळते. पहिला दिवा विझताच मागून आवाज आला, ‘लाइट गयी!’ भारनियमनात वाढलेल्या मुलांना त्यात नवल कसले, हा माझा अंदाज मात्र चुकला, कारण पुढच्या दिव्याला सगळा वर्ग चिडीचूप होता.

2005 च्या ‘नार्निया’त सुरुवातीला जादू औषधालाही नाही. लंडनवर जर्मन विमाने बॉम्ब टाकतात आणि चार भावंडांपैकी एडमंड हा मुलगा वडिलांचा फोटो आणायला घरात परत धावतो. मूळ कादंबरी हवाई हल्ले एका वाक्यात उरकते. चित्रपटाने त्यांचा अख्खा प्रसंग केला, त्यामुळे पुढे कपाटातून नार्निया या जादूच्या देशात जाणे ही निव्वळ गंमत न राहता सुटका वाटते.

कुतूहल चाळवण्यात पहिली सुरुवात सरस आहे. मला स्वतःला दुसरी अधिक पटते, कारण फोटोची फुटलेली काच एडमंडचा पुढचा हट्ट आधीच सांगून जाते.